कपावरची बशी

"दोन महिने," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की आपण खोटं बोललो. ठरवून नव्हे. जिभेवर दीड वर्ष होतं, बाहेर पडले ते दोन महिने. समोरच्या सर्जनबाईंनी मान हलवून ते कागदावर उतरवलंसुद्धा, आणि एकदा शाईत उतरलं की खोट्यालाही जो एक रुबाब येतो, तो त्या दोन महिन्यांना आला. भिंतीवर मागून उजेड देणारी काच होती, तिच्यावर तिच्या नवऱ्याच्या छातीचा फोटो लावला होता. एक बाजू काळी, फासळ्याफासळ्यांची, असायला हवी तशी. दुसरी खालपासून निम्म्याच्या वर पांढरी, आतून कोणी चुना फासल्यासारखी. "सकाळी उठल्यावर घाम, गोंधळ, असंबद्ध बोलणं, हे सगळं दोन महिन्यांपासून?" सर्जनबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली होती. "आणि गोड काही पोटात गेलं की उतरतं?" चहा घेतला की उतरतं, ती म्हणाली. "हे तुमच्या कधी लक्षात आलं?" इथे सुटायला वाट होती, दार सताड उघडं होतं, पण शेजारच्या खुर्चीत मुलगी बसलेली होती, वहीत सगळं टिपून घेणारी, आईकडे न बघणारी. "आत्ताच," ती म्हणाली. "म्हणजे हल्लीच."

मग सर्जनबाईंनी सावकाश, एकेक शब्द ठेवत समजावून सांगितलं. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं, त्यातून ही गाठ निघाली आहे. अशा गाठी फार क्वचित दिसतात, आणि साखर खाली ओढणारी गाठ तर त्याहून क्वचित. इतक्या वर्षांत त्यांनी दोन पाहिल्या होत्या, ही तिसरी. गाठ रक्तात काहीतरी सोडते आणि शरीरातली साखर संपते. रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाची पहाटे पार तळाला जाते. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस माणसात राहत नाही. बहुतेक वेळा अशी गाठ साधीच असते, एखाद्या देठावर लोंबत असते, देठ बांधला की अख्खी बाहेर येते. "पण सुईने काढलेल्या चिमूटभर तुकड्यावरून एवढ्या मोठ्या गाठीची हमी मला देता येत नाही. सुईचा रिपोर्ट म्हणतो साधी असावी. आणि तुम्ही म्हणता दोन महिने. त्यांचा आधीचा एकही फोटो नाही. दोन महिन्यांत जर ही एवढी झाली असेल, तर ती साधी नाही. मग लगेच चाकू लावण्यात अर्थ नाही, आधी जबर औषधं द्यायची, आणि मग बघायचं काय उरतं ते. गुरुवारी सकाळी आमची सगळ्यांची बैठक आहे. तिथे ठरेल." काय उरतं, म्हणजे गाठीचं की माणसाचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. तो मंगळवार होता.

वॉर्डात नवरा उशीला टेकून बसला होता आणि हातातल्या घड्याळाकडे बघत सलाइनचे थेंब मोजत होता. "मिनिटाला वीस सांगितलेत," तो म्हणाला, "हे तेवीस पडतायत. तीनदा मोजले." सगळं आयुष्य त्याने हेच केलं होतं. वजनं-मापं तपासणारा निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं तो दुकानांतून, गोदामांतून, पेट्रोलपंपांवरून हिंडला. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं लाकडी पेटीत घेऊन जायचा आणि दुकानदारांचं धाबं दणाणून सोडायचा. कचेरीत त्याला काटासाहेब म्हणत, मागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्यात गैर काही दिसत नसे. बोलणंही तसंच, तोलून मापून. चौतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी उणा शब्द दिला नाही, हे खरं; पण अधिकही कधी दिला नाही. मुलगी झाली तेव्हा तो दवाखान्यात आला, पाळण्यात डोकावला आणि म्हणाला, "दोन किलो नऊशे. ठीक आहे." ती पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट हसत हसत सांगायची, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे, आणि सांगून झाल्यावर दर वेळी ती उठून काहीतरी आणायला आत जायची. तो वाईट नव्हता. घरात धान्य संपलं असं कधी झालं नाही, घड्याळ मागे पडलं असं कधी झालं नाही. ती घरी शिवणकाम करायची, लोकांचे सैल कपडे आत घ्यायची, घट्ट झालेले बाहेर सोडायची. तिच्या मशीनला तेल तो घालायचा, न सांगता, महिन्याच्या पहिल्या रविवारी. एवढ्यावर माणूस जगतो. जगतोच की.

आणि मग दीड वर्षापूर्वीची ती सकाळ. ती उठून बसली होती, केस बांधून हात गादीवर टेकला होता, आणि मागून आवाज आला, "तुमचा हात इतका गार कसा हो?" तिने वळून पाहिलं. तो आडवाच होता, कपाळ घामाने थबथबलेलं, आणि तिचा डावा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता, एखादं पाखरू धरावं तसा, फार घट्ट नाही आणि सुटेल असाही नाही. तो हसत होता. "तुम्ही इथेच राहता का?" तिला आधी वाटलं थट्टा करतोय, पण थट्टा त्याने आयुष्यात केली नव्हती. पक्षाघात, वेड, म्हातारचळ, एका दमात सगळं मनात येऊन गेलं. धावत स्वयंपाकघरात गेली, काय करावं ते सुचेना म्हणून रोजचाच चहा केला, दोन चमचे साखर घातलेला, त्याच्या ओठाला लावला. दहा मिनिटांत त्याचे डोळे जागेवर आले. तिच्या हाताकडे त्याने पाहिलं, आपला हात काढून घेतला आणि विचारलं, "पेपर आला का?" तिने त्याला काही सांगितलं नाही. मुलीलाही नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा उठला, तिसऱ्या दिवशीही. ती मात्र दोन्ही दिवस त्याच्या आधी जागी होऊन त्याच्या कपाळाकडे बघत पडली होती, घाम येतोय का म्हणून. घाबरून बघत होती, असं तिने स्वतःला सांगितलं. चौथ्या दिवशी कपाळ ओलं दिसलं आणि तिच्या छातीत जे धडधडलं ते नुसतं भय नव्हतं. चौतीस वर्षांत कोणी तिला हात इतका गार कसा, असं विचारलं नव्हतं.

मनातल्या मनात ती त्याला 'सकाळचा' म्हणू लागली. सकाळचा आणि दिवसाचा. दिवसाच्याला ती जेवायला वाढायची, चष्म्याच्या दुकानातून त्याचा चष्मा पुसायचा फडका आणायची, त्याच्याशी वीजबिलाबद्दल बोलायची. सकाळच्याची वाट बघायची. तो सुरुवातीला आठवड्यातून एकदा यायचा, मग दोनदा, मग जवळपास रोज. यायचा तो आधी परक्यासारखा, अहोजाहो करत, संकोचत. मग हळूहळू ओळख पटायची आणि मग सुटायचा. बोलायचा, बोलायचा, जीभ जड व्हायची तरी बोलायचा. शिवताना बोटात घालायचं तिचं अंगुस्तान उशाशी असायचं, ते आपल्या करंगळीत घालून भिंतीवर टकटक करायचा आणि "कोण आहे?" असं स्वतःच विचारायचा. तिला हसू आवरायचं नाही. कितीतरी सकाळी ती दोघं पलंगावर बसून फिदीफिदी हसली आहेत, साठीला आलेली माणसं. आणि चहा पोटात गेला की संपलं, दिवा घालवावा तसा तो जायचा आणि दिवसाचा येऊन पेपर मागायचा. चहात काय आहे हे तिला कळायला वेळ लागला नाही. एकदा साखर संपली होती म्हणून तिने बिनसाखरेचा दिला, तर सकाळचा गेलाच नाही, उलट रडायला लागला, कुठे जायचंय म्हणून. मग तिने डब्याच्या तळाची चिमूट खरवडून त्याच्या जिभेवर ठेवली. त्या दिवशी तिला सगळं समजलं. गाठ नव्हे, तिचं नाव नव्हे, पण किल्ली कुठे आहे ते समजलं. त्याच दिवशी त्याला हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी तिने चहा केला, पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, त्यावर बशी झाकली, आणि थांबली.

पहिल्यांदा तीन मिनिटं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याने रेडिओला लावून मिनिटामिनिटाला चोख ठेवलेलं. मग पाच. मग आठ. ती काही निर्दय बाई नव्हती. चहा निवू नये म्हणून तर बशी होती. त्याचे ओठ थरथरायला लागले, हात भलतीकडे जायला लागले की ती बशी उचलायची. कुठवर ताणायचं याचा तिला अंदाज आला होता, जसा कापडाचा येतो, किती ओढलं की शिवण बोलते. असं ती स्वतःला सांगायची. पण खरं कारण सायकलचं होतं. सकाळचा एक गोष्ट सांगायचा, एकच, आणि रोज पहिल्यापासून. लग्न ठरलं होतं, तारीख धरली होती, आणि एक दिवस तो कचेरीतल्या एकाची सायकल मागून घेऊन निघाला, अठरा किलोमीटर, तिच्या गावाकडे. वारा समोरून होता. वाटेत साखळी निसटली, हात काळे झाले, एका पंपावर त्याने ते धुतले. मग रेल्वेचं फाटक बंद मिळालं, मालगाडी गेली, एक्केचाळीस डबे. आकडा कधी चुकायचा नाही, साखर तळाला गेली तरी. फाटक उघडलं. मग गल्ली. मग हिरवं दार, तिच्या वडिलांच्या घराचं, जे लग्नानंतर दोन वर्षांत पाडलं गेलं आणि ज्याचा रंग तीसुद्धा विसरली होती. आणि इथे कुठेतरी दर वेळी त्याची जीभ वळायची, आणि तिला बशी उचलावी लागायची. का आला होता तो? तिला तर कधी कोणी सांगितलं नाही की नवरा मुलगा येऊन गेला. एकदा तिने मनाचा हिय्या करून दिवसाच्याला विचारलं, "तुम्ही लग्नाआधी सायकलवरून आमच्याकडे आला होतात का हो?" त्याने पेपर खाली केला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "कोणी सांगितलं?" नाही म्हणाला नाही. खोटं तो बोलत नसे, नोकरीतली सवय. पेपर पुन्हा वर गेला. त्या रात्री तिने ठरवलं की शेवटपर्यंत ऐकायचं.

मधल्या काळात अंगुस्तान त्याच्या करंगळीत जाईनासं झालं. आधी जायचं, मग नखापाशी अडकायला लागलं, मग टोकावर नुसतं टेकायचं. "आपली बोटं जाड झाली," सकाळचा म्हणाला, आणि दोघं हसली.

मुलगी चार दिवसांच्या रजेवर आली होती, त्यातल्याच रविवारी ते झालं. मुलगी बाहेरच्या खोलीत झोपलेली, म्हणून त्यांची कुजबुज चाललेली. साखळी, पंप, फाटक, एक्केचाळीस डबे. घड्याळ दहाच्या पुढे गेलं, ती बघत होती. हिरवं दार. त्याचे डोळे वर जायला लागले होते, तिला दिसत होतं. अकरा. "दाराशी आलो," तो म्हणाला, "हात वर केला वाजवायला, आणि खिडकीतून..." बारा. आणि त्याचा हात खरोखरच वर गेला, पण दार वाजवायला नाही. सगळं अंग ताठ झालं, तोंडातून फेस आला आणि तो पलंगावरून खाली कोसळला. आवाजाने मुलगी धावत आली. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं: ती स्वतः जमिनीवर बसलेली, त्याच्या दातांतून चमच्याने चहा आत जात नाही, मुलगी फोनवर पत्ता सांगते आहे, जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही. आणि निघताना मुलगी क्षणभर थांबली, स्टुलाकडे बघून म्हणाली, "आई, चहा झाकून का ठेवला होता?" उत्तराला ती थांबली नाही, घाईच तशी होती. पण प्रश्न मागे राहिला. गेले नऊ दिवस तो त्यांच्या दोघींबरोबर दवाखान्याच्या लिफ्टमधून वरखाली करत होता.

बुधवारी सर्जनबाई राउंडला आल्या. नवऱ्याने आधी थेंबांची तक्रार केली, त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतली आणि चाक फिरवून वीसवर आणले. मग त्यांनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले, दोन्ही तर्जन्यांची नखं एकमेकांना पाठमोरी चिकटवायला सांगितली, आणि उजेडाकडे धरून बघितलं. स्वतःचीही चिकटवून दाखवली: त्यांच्या नखांमध्ये एक इवलीशी फट होती, उजेडाचा तीळ दिसत होता. त्याच्या नखांमध्ये काही दिसत नव्हतं. "बोटांची टोकं अशी फुगतात कधी कधी, छातीतल्या गाठीमुळे," त्या म्हणाल्या, आणि मान न वळवता पुढे म्हणाल्या, "पण दोन महिन्यांत नाही फुगत." त्या कोणाशी बोलल्या ते वॉर्डात कोणालाच कळलं नसेल. तिला मात्र कळलं. अंगुस्तान तिच्या पिशवीतच होतं, सुईदोऱ्याच्या डबीत. दुपारभर ती त्याच्या उशाशी बसली. सलाइनमधून साखर अखंड जात होती, त्यामुळे दहा दिवस तो नुसता दिवसाचा होता, सकाळीही दिवसाचा. आणि तिथे बसल्या बसल्या तिच्या मनात एक विचार आला, तो असा की त्यानंतर तिला आरशात बघवेना: गाठ काढलीच नाही तर तो परत येईल. औषधं देऊ देत, वेळ जाऊ दे. घरी नेलं की एखाद्या सकाळी कपाळ ओलं होईल आणि तो विचारील, तुमचा हात इतका गार कसा. विचार आला आणि गेला, माशी बसून उडावी एवढा वेळ. पण बसली होती हे खरं. नवऱ्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं. "तू जेवलीस का?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. तेही खोटंच होतं.

गुरुवारी सकाळी ती बैठकीच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. मुलीला खाली औषधं आणायला पाठवलं होतं. पांढरे कोट येत होते, दारातून आत जात होते, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सर्जनबाई दिसल्या तशी ती पुढे झाली. "बाई, दोन महिने नाही," ती म्हणाली. "दीड वर्ष. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यापासून." त्या थांबल्या. काखेतली फाइल त्यांनी काढून हातात घेतली. "नक्की?" ती पिशवीत हात घालून अंगुस्तान चाचपू लागली, मग तिला त्याचा वेडेपणा कळला, तरी तिने ते काढलंच. "हे त्यांच्या करंगळीत जायचं. वर्षापूर्वी अडकायला लागलं. आता टेकतंसुद्धा नाही." सर्जनबाईंनी ते घेतलं, स्वतःच्या बोटात घालून बघितलं आणि परत दिलं. "आणि गोड दिलं की उतरतं, हे?" "तेव्हापासूनच माहीत होतं." "मग दाखवलं का नाही?" कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते तिने लांब जाऊ दिलं. "ते बोलायचे तेव्हा," ती म्हणाली. "एरवी ते बोलत नाहीत. मी चहा करून झाकून ठेवायची. थांबायची. त्या दिवशी बारा मिनिटं थांबले." आता या बोलतील, तिला वाटलं, आता या सगळ्यांदेखत माझी सालटी काढतील, आणि तिला ते हवं होतं, तिने मान खाली घालून जागाही करून दिली. सर्जनबाईंनी खिशातून पेन काढलं, फाइल भिंतीवर टेकवली, एका आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी दुसरा लिहिला. "अठरा महिने," त्या म्हणाल्या. "म्हणजे सावकाश वाढलीय. सुईचा रिपोर्ट आणि हे जुळतंय. ही फार चांगली बातमी आहे. मी आत सांगते, काढूनच टाकू." आणि दार लोटून आत गेल्या. ती तिथेच उभी राहिली. शिव्या खायला आलेल्या माणसाच्या हातावर पेढा ठेवावा तसं झालं, आणि तो तिला गिळता येईना. तिचा गुन्हाच पुरावा ठरला होता, आणि पुरावा त्याच्या बाजूने होता.

ऑपरेशन सोमवारी झालं. साडेपाच तास. मुलगी वाचायला पुस्तक घेऊन बसली आणि एकाच पानावर राहिली; आईने पिशवीतलं कोणातरी गिऱ्हाइकाचं कापड काढलं, टाके घातले, वाकडे आले, उसवले, पुन्हा घातले. भूल देणारे डॉक्टर आधी बाहेर आले, टोपी काढून डोकं खाजवत, खुशीत. "कमाल आहे," ते म्हणाले, "देठ बांधला आणि वीस मिनिटांत साखर वर यायला लागली. मला सलाइन बंद करावं लागलं." मुलीने आईचा हात दाबला, दोघी रडल्या, आणि मुलगी आनंदाने रडत होती. तीही आनंदाने रडत होती, नाही असं नाही. पण वीस मिनिटं, तिच्या मनात येत होतं, मी त्याला बारा दिली, यांना वीस लागली, आणि सकाळचा संपला. मग सर्जनबाई आल्या, बघायचीय का म्हणाल्या. मुलगी नको म्हणाली, ती एकटी गेली. स्टीलच्या तसराळ्यात ती गाठ होती, राखाडी-पांढरी, गुळगुळीत, मळून ठेवलेल्या कणकेच्या मोठ्या गोळ्यासारखी, अंगावर निळसर शिरांचं जाळं, आणि एका बाजूला खरंच देठ, करंगळीएवढा, दोऱ्याने बांधलेला. दोऱ्याची गाठ चांगली मारली होती, ते तिच्या हाताने आधी ओळखलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. इतक्या सगळ्या सकाळी जो हसला, ज्याने हात धरला, तो हा होता की काय? इथून बोलत होता? की हा नुसता दार अडवून बसलेला कोणी, आणि बोलणारा दुसराच? तिला तिथे नमस्कार करावासा वाटला आणि ओकारीही आली. "दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम," सर्जनबाई म्हणाल्या. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर नवऱ्याला हा आकडा सांगितला तेव्हा त्याने ओठ ओले केले, दोनदा श्वास घेतला आणि क्षीण आवाजात विचारलं, "काटा तपासलेला होता का?" सगळा वॉर्ड हसला. ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. दिवसाचा सहीसलामत परत आला होता.

पुढचा रिपोर्ट साधी गाठ म्हणून आला. दहा दिवसांनी घरी आणलं, मुलगी आपल्या गावी गेली. जाताना दारात तिने आईला जवळ घेतलं, जरा जास्त वेळ, पण विचारलं काही नाही, आणि ते न विचारणं आता कायम घरात राहणार हे दोघींना कळलं. सकाळी सहाला तिला जाग यायची. ती कुशीवर वळून त्याच्या कपाळाकडे बघायची. कोरडं. बोट टोचायचं यंत्र दिलं होतं, ते रोज नव्वदच्या वर आकडा दाखवायचं, आणि तो स्वतःच्या हाताने तो आकडा वहीत लिहायचा. चहा, पेपर. काही हरकत घेण्यासारखं नव्हतं. माणूस जिवंत होता, समोर बसला होता, खोकताना छातीला उशी धरत होता. यासाठीच तर ती देवाच्या विनवण्या करत होती. आणि तरी एखाद्या घरात कोणी गेलं आणि कोणालाच ते सांगायचं नाही, असं तिला दिवसभर वाटायचं. शिवण चुकायची. मशीनसमोर बसून ती उगाच चाक फिरवायची. शेवटी सातव्या की आठव्या सकाळी तिला ते सोसवेना. तिने चहा केला, आणून स्टुलावर ठेवला, आणि त्याच्यासमोर त्यावर बशी झाकली.

तो बघत होता. "निवायचा नाही म्हणून?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, हात पदराला पुसत, घड्याळाकडे बघत. तुम्हाला कसं व्हायचं. साखर दिली की कसं उतरायचं. मला माहीत होतं, मी देत नव्हते. थांबत होते. तुम्ही मेला असतात. सांगून झाल्यावर त्याने चष्मा काढला, चादरीने पुसला, पुन्हा लावला. "किती मिनिटं?" "आधी तीन. मग पाच, आठ." "जास्तीत जास्त?" "बारा." "रोज?" "थांबायची रोज. बारा एकदाच." खाली रस्त्यावर कोणीतरी शटर वर ढकललं. तिला त्याच्या दुकानदारांची आठवण झाली, वजनात खोट सापडल्यावर अशीच उभी राहत असतील ती माणसं, हात पुसत. मापात मारलं होतं तिने, रोज, चौतीस वर्षं ज्याने चोख दिलं त्याला. "कशासाठी?" त्याने विचारलं. "सायकलसाठी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तुम्ही दारापर्यंत यायचात. पुढे काय झालं ते मला ऐकायचं होतं."

त्याने बशी उचलली, खाली ठेवली, चहाचा एक घोट घेतला. साखर होती त्यात, दोन चमचे. "नको म्हणून सांगायला आलो होतो," तो म्हणाला. पेपरातली बातमी वाचावी तशा आवाजात. "लग्न नको. मला बोलता येत नाही, मला माहीत होतं. कोणा मुलीला जन्मभर गप्प बसवायचं म्हणजे... असं सांगणार होतो तुझ्या वडिलांना. हात वर केला वाजवायला. खिडकी उघडी होती. तू मशीनवर बसली होतीस, पाठमोरी. एक शिवण घातलीस, बघितलीस, उसवलीस. पुन्हा घातलीस. पुन्हा उसवलीस. तीनदा. घरात कोणी नव्हतं." तो थांबला. दम लागला होता, टाके ओढत होते. "कोणी बघत नसताना," तो म्हणाला. "मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. कोणी बघत नसताना असं करणारं माणूस तोवर पाहिलं नव्हतं."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "आणि मीच तुम्हाला," ती म्हणाली, "बारा मिनिटं..." तो तिच्याकडे न बघता स्टुलावरच्या बशीकडे बघत होता, काहीतरी मनात मोजत होता. "हं," तो म्हणाला. "बारा मिनिटांत नसतंच झालं ते. परत जाताना पंक्चर झालं. पुढे बरंच आहे." आणि कप खाली ठेवून त्याने हात पुढे केला, तिचा डावा हात धरला, आधी जरा अवघडून, मग नीट. दुसरा हात तिने झटकन त्याच्या कपाळावर ठेवला, केसांच्या कडेपर्यंत फिरवून बघितला. कपाळ कोरडं होतं.